नारिंगी डे-लिलीला पाने उदंड, फुले मात्र नाहीत: काय करावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच वर्षांपूर्वी आपल्या आत्याबाईंनी पाचगणीहून नारिंगी फुलांच्या डे-लिलीचा एक गड्डा आणून दिला. आपण तो पुण्यातील घराच्या कुंपणालगत, आंब्याच्या कडेला लावला. पहिली दोन-तीन वर्षे तो चांगला फुलला, आणि गेल्या दोन उन्हाळ्यांत मात्र गवतासारखी दाट पाने आणि जेमतेम दोन फुलदांडे एवढेच हाती लागले. खत वाढवावे का, गड्डा कुंडीत हलवावा का, आणि घरात नुकतेच आलेले मांजराचे पिल्लू त्या पानांशी खेळते ते चालेल का, असे आपण विचारले आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते उद्यावर टाकण्यासारखे नाही.

डे-लिली मांजराला विषारी आहे. पान, फूल, देठ, परागकण, फुलदाणीतील पाणीसुद्धा, यांपैकी काहीही पोटात गेले, अगदी अंगावर सांडलेले पराग त्याने चाटले तरी, मांजराची मूत्रपिंडे दोन-तीन दिवसांत निकामी होऊ शकतात. सुरुवातीला उलट्या होणे, लाळ गळणे, खाणे सोडून कोपऱ्यात बसून राहणे एवढेच दिसते. मध्येच थोडी तरतरी आल्यासारखी वाटते आणि घरची माणसे तिथेच फसतात. पान चावल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता त्याला पशुवैद्यांकडे न्यावे. पहिल्या १८ तासांत सलाईनचे उपचार सुरू झाले तर वाचण्याची आशा बरीच असते, पुढे ती झपाट्याने मावळते. कुत्र्याला असा मूत्रपिंडाचा धोका नसतो, त्याचे फार तर पोट बिघडते. म्हणून पिल्लू अंगणात मोकळे फिरणार असेल तर माझा सल्ला सरळ आहे: गड्डा उपटून मांजर नसलेल्या कुणाला तरी देऊन टाकावा. पिल्लू घरातच राहणार असेल आणि बागेकडे त्याला वाटच नसेल, तरच पुढचे वाचावे, आणि तरीही ही फुले तोडून घरात आणू नयेत.

आता झाडाच्या ओळखीविषयी, कारण 'नारिंगी लिली' या एका नावाखाली आपल्याकडे चार-पाच निराळी झाडे खपवली जातात. मी वाईजवळ फुलझाडांची लहानशी रोपवाटिका चालवते, आणि सुरुवातीच्या काळात एका मोठ्या रोपवाटिकेकडून मी स्वतःच नारिंगी डे-लिली म्हणून एक डझन रोपे आणली होती. ती वर्षभर जोपासल्यावर फुलली तेव्हा अ‍ॅमरिलिस निघाली. तेव्हापासून मी पाटीवर विश्वास ठेवत नाही, खुरप्याने माती बाजूला सारून मुळे पाहते. अ‍ॅमरिलिसला कांद्यासारखा गोल कंद असतो आणि तिचा दांडा जाड व पोकळ असतो. टायगर लिलीचा कंद खवल्याखवल्यांचा असतो, तिची पाने उभ्या खोडावर लागतात आणि पाकळ्यांवर काळपट ठिपके असतात. आपल्या डोंगरात पावसाळ्यात फुलणारी कळलावी तर वेल आहे, तिच्या पानाचे टोक आधाराला गुंडाळते. डे-लिलीला मुळी कांदाच नसतो. तिची पाने जमिनीतूनच दोन ओळींत, हातपंख्यासारखी उघडत वर येतात आणि प्रत्येक पान मधोमध पन्हाळीसारखे दुमडलेले असते. खाली सफेद मुसळीची आठवण व्हावी अशा मांसल, टोकाकडे फुगलेल्या मुळ्यांचा झुपका असतो. आपण वर्णन केलेले फूल, म्हणजे विटकरी छटेचे, आत पिवळा गळा, त्याभोवती तांबूस पट्टा, पाकळीच्या मध्यावर फिकट रेघ आणि वास नाही, हे नारिंगी डे-लिलीचेच, म्हणजे शास्त्रीय नावाने हेमेरोकॅलिस फुल्वाचेच आहे. त्यामुळे आपल्याकडील झाड तेच असावे.

ही मूळची चीन, जपान आणि कोरियाकडची. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ साली डे-लिलींच्या वंशाला दिलेल्या 'हेमेरोकॅलिस' या नावात ग्रीक भाषेतील 'दिवस' आणि 'सौंदर्य' हे दोन शब्द आहेत, कारण प्रत्येक फूल सकाळी उमलते आणि त्याच रात्रीपर्यंत मिटून जाते. नावात लिली असली तरी खऱ्या लिलीच्या कुळाशी तिचा संबंध दूरचा आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ आता तिला कोरफडीच्या कुळात धरतात. युरोप-अमेरिकेतील बागांमधून जगभर पसरलेल्या नारिंगी डे-लिलीची आणखी एक गंमत अशी की तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे एकूण ३३ गुणसूत्रे असतात. जळगावकडच्या केळीच्या बागांत असते ती ग्रँड नैन केळीही नेमकी अशीच आहे: तीन संच, ३३ गुणसूत्रे, बी नाही, आणि वंश चालतो तो बुंध्याशी येणाऱ्या पिल्लांवर. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमधील ए. बी. स्टाउट यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या झाडाच्या वांझपणाचा पिच्छा पुरवला. तिला बी धरत नसले तरी तिचे पराग थोडेफार उपयोगी पडतात हे हेरून त्यांनी दुसऱ्या जातींशी संकर घडवले, आणि १९३४ साली 'थेरॉन' ही गडद लाल फुलांची डे-लिली बाहेर आणली. आज नोंद झालेल्या संकरित जाती ऐंशी हजारांवर गेल्या आहेत. आपल्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट एवढीच की हे झाड बियांवर नव्हे, फुटव्यांवर जगते, आणि आपल्या तक्रारीचे मूळही तिथेच आहे.

केळीचा खुंट वर्षानुवर्षे न विरळता ठेवला तर पिल्लांची गर्दी होऊन घड लहान होत जातो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. डे-लिलीचेही तसेच होते. पानांचा एक पंखा म्हणजे एक फुटवा. आपण लावलेल्या गड्ड्यात असे तीन-चार फुटवे असले असतील, तर पाच वर्षांत त्यांचे चाळीस-पन्नास सहज झाले असतील. ते सगळे एकाच घमेलाभर मातीत मुळ्या खुपसून बसलेले असतात. पाने काढण्याइतके अन्न प्रत्येकाला मिळते, दांडा उभा करण्याइतके फारच थोड्यांना. त्यात पाच वर्षांत आंबाही वाढला आणि त्याची सावली सरकत गड्ड्यावर आली, हे आपण लिहिले नसले तरी घडले असणारच. या परिस्थितीत खत वाढवले, विशेषतः युरियासारखे नत्राचे, तर पाने आणखी हिरवीगार होतील आणि फुले आहेत तीही जातील. म्हणून यंदा खत देऊ नये, गड्डा खणून काढावा.

हे काम पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये करावे. माती तेव्हा मऊ असते, ऊन भाजून काढत नाही आणि फुलण्याआधी मुळे धरायला सहा-सात महिने मिळतात. आदल्या दिवशी पाणी द्यावे. पाने जमिनीपासून वीतभर ठेवून विळ्याने कापून टाकावीत. जीव तुटतो, पण मुळ्या तुटलेल्या असताना एवढी पाने झाडाला पोसवत नाहीत. मग गड्ड्यापासून वीतभर लांब, चारही बाजूंनी कुदळीने चर घेऊन खालून पहार घालावी आणि सगळा गड्डा उचटून वर काढावा. पाच वर्षांचा गड्डा एकट्याने उचलण्याच्या भानगडीत पडू नये. तो बाहेर आला की पाइपच्या पाण्याने माती धुऊन काढावी, कारण मातीत बरबटलेल्या गड्ड्याला कुठे तोडायचे ते कळत नाही, आणि धुतलेला गड्डा आपणच सांगतो. मध्यभागी जुने, पाने नसलेले, काळपट झालेले तुकडे दिसतील आणि कडेने पांढऱ्या टणक मुळ्यांचे तरणे फुटवे. दोन्ही हातांनी दोन बाजू धरून हलकेच पिळत मागेपुढे हलवले की बरेचसे फुटवे न कापता मोकळे होतात. जे आडव्या भूमिगत खोडाने जखडलेले असतील तेवढेच धारदार सुरीने कापावेत. तीन-तीन फुटव्यांचा एकेक जुडगा करावा. एकेकटा फुटवाही जगतो, पण त्याला फुलायला वर्ष-दोन वर्षे जास्त लागतात. मध्यभागाचे काळे तुकडे आणि ज्या मुळ्या दाबल्यावर पचकन फुटतात त्या काढून टाकाव्यात. कापलेल्या जागी हळद किंवा राख लावणारे पुष्कळ आहेत. मी जुडगे एक दिवस सावलीत पसरून ठेवते, जखमा सुकतात आणि एवढे पुरते.

लावताना एकाच गोष्टीवर डोळा ठेवावा, आणि ती म्हणजे खोली. पाने आणि मुळ्या जिथे जुळतात तो पांढरट भाग, मी त्याला मान म्हणते, मातीच्या पृष्ठभागाखाली दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा खोल जाता कामा नये. मी पहिल्यांदा लागवड केली तेव्हा झाड भक्कम बसावे म्हणून मान वीतभर गाडली होती. तीस जुडग्यांपैकी अकरा जुलैच्या पावसात कुजले आणि बाकीच्यांनी दोन वर्षे नुसती पाने दाखवली. योग्य पद्धत अशी: साधारण ३० सेंटिमीटर खोल व तेवढाच रुंद खड्डा घ्यावा, तळाशी मातीचा लहानसा उंचवटा करावा, त्यावर जुडगा बसवून मुळ्या चहूबाजूंनी उतारावर पसराव्यात, माती ढकलत हाताने दाबत यावे आणि शेवटी भरपूर पाणी द्यावे. पाण्याने माती बसली आणि मान वाजवीपेक्षा खोल गेली असे दिसले तर त्याच वेळी जुडगा वर ओढून घ्यावा. दोन जुडग्यांत ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर सोडावे. सुरुवातीला वाफा ओकाबोका वाटतो, तिसऱ्या वर्षी वाटत नाही.

पुण्यातील काळी माती या झाडाला चालते, मात्र ती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते हा तिचा दोष सांभाळावा लागतो. दोन घमेली पोयटा मातीत एक घमेले चांगले कुजलेले शेणखत आणि एक घमेले जाड वाळू किंवा बारीक मुरूम मिसळून, जमिनीपासून वीतभर उंच वाफा केला की निचऱ्याची चिंता मिटते. ताजे शेण घालू नये, मानेला कूज लागते.

जागा मात्र बदलावीच लागेल. आंब्याखाली ही फुलणार नाही, मग माती कितीही उत्तम असो. दिवसाचे निदान सहा तास ऊन हवे, आणि आपल्याकडे ते सकाळपासून दुपारी दोनपर्यंतचे असले तर सर्वांत चांगले, कारण एप्रिल-मेच्या तिसऱ्या प्रहराच्या उन्हात पाकळ्या कागदासारख्या करपतात. आणखी एक बारकावा आहे, जो वाफा करताना ध्यानात येत नाही आणि फुले आल्यावर हळहळ होते: फुले उजेडाच्या बाजूला तोंड करतात. व्हरांड्यातून पाहायची असतील तर वाफा असा असावा की व्हरांडा आणि सूर्य एकाच बाजूला येतील, नाही तर आपल्याला पाठी दिसतील आणि रस्त्यावरच्या लोकांना तोंडे.

पाण्याचे आणि खताचे फार लिहिण्यासारखे नाही. पावसाळ्यात काही देऊ नये. हिवाळ्यात थंड प्रदेशात हिची पाने पूर्ण वाळतात. पुण्यात ती अर्धवट पिवळी पडतात, त्याने घाबरून पाणी वाढवू नये, उलट कमी करावे. फेब्रुवारीत नवी पोपटी पाने दिसली की प्रत्येक गड्ड्याभोवती दोन ओंजळी शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर लाकडाची राख टाकून वरची माती हलवावी आणि पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, मानेवर नव्हे, तिच्याभोवती. मार्चपासून फुलोरा संपेपर्यंत माती बोटभर खाली कोरडी लागली की खोल पाणी द्यावे. या काळात ताण पडला तर कळ्या पिवळ्या होऊन गळतात. कांद्याच्या सालींचे पाणी, चहाचा चोथा, केळीच्या सालींचा काढा असे जे उपाय सध्या जो तो सांगतो, त्यांनी या झाडाचे नुकसान होत नाही आणि फायदाही झालेला मी पाहिलेला नाही.

माझ्याकडे पहिले दांडे एप्रिलच्या अखेरीस दिसू लागतात. दांडा पानांतून वर निघतो तेव्हा टोकाला बोटांसारख्या हिरव्या कळ्यांचा जुडगा असतो. मग तो कमरेएवढा वाढतो, वर दोन-तीन फाटे फुटतात आणि एका दांड्यावर दहा ते वीस कळ्या धरतात. रोज एक-दोन उमलतात, म्हणजे एक दांडा दोन-तीन आठवडे पुरतो. उद्या कोणती कळी उघडणार हे संध्याकाळीच कळते: ती हिरवी राहत नाही, नारिंगी होऊन फुगते आणि तिचे टोक किंचित सैल पडते. सुकलेले फूल दुसऱ्या दिवशी चिकट, लिबलिबीत होते आणि शेजारच्या कळीला चिकटून तिला उघडू देत नाही, म्हणून सकाळी फेरी मारताना ते दोन बोटांत धरून मोडून टाकावे. बी धरतच नसल्याने ते न काढल्यामुळे झाडाची शक्ती वाया जाते असे नाही. प्रश्न फक्त चिकटण्याचा आणि दिसण्याचा आहे. दांड्यावरच्या सगळ्या कळ्या संपल्या की दांडा बुडापासून कापावा. कधी कधी दांड्याच्या पेरावर पानांचे इवलेसे रोप येते. ते फेकू नये. खाली दोन-चार मुळ्या फुटल्या की दांड्याच्या तुकड्यासकट कापून लहान कुंडीत लावावे, ते हुबेहूब आईसारखे निघते.

रोगांपैकी ज्याचे भय बाळगावे असा एकच आहे, तांबेरा. गव्हाच्या तांबेऱ्याचा हा भाऊबंद आहे, पण त्याची बुरशी वेगळी असल्याने तो गव्हावर जात नाही. अमेरिकेत तो प्रथम २०००च्या सुमारास आढळला आणि काही वर्षांतच तिथल्या रोपवाटिकांना त्याने जेरीस आणले. पानाच्या वरच्या बाजूला पिवळे ठिपके व रेघा दिसतात आणि खालच्या बाजूला बारीक पुळ्या. खात्री करायची तर पांढऱ्या कागदी रुमालाने पानाची खालची बाजू पुसावी. रुमालावर विटेच्या भुकटीसारखा रंग उतरला तर तांबेरा आहे. बाधित पाने कापून कचऱ्याच्या पिशवीत बांधून द्यावीत, कंपोस्टमध्ये टाकू नयेत, आणि पाणी पानांवर न शिंपडता बुडाशी द्यावे. मावा कोवळ्या दांड्यांवर बसतो, तो पाण्याच्या जोरदार धारेने जातो. हटला नाही तर निंबोळी अर्क फवारावा. फुलकिडे कळीत शिरले की पाकळ्यांवर पांढरट चट्टे पडतात, अशा कळ्या खुडून टाकाव्यात. पावसाळ्यात गोगलगाई येतात, त्या रात्री बॅटरी घेऊन हाताने वेचण्याइतका खात्रीचा उपाय मला अजून सापडलेला नाही.

कुंडीचे विचाराल तर, चालते, पण हे झाड कुंडीत खूश नसते. निदान १४ ते १६ इंची कुंडी घ्यावी, तीत तीनच फुटवे लावावेत आणि दर दुसऱ्या ऑक्टोबरला रिकामी करून विभागणी करावी, नाही तर मुळ्या कुंडी फोडतात. प्लास्टिकची फाटते, मातीची तडकते, दोन्ही माझ्याकडे झाले आहे. आपल्याकडे जमीन आहे, तेव्हा जमिनीतच लावावे. वाफ्याबाहेर पसरू नये म्हणून कडेने ३० सेंटिमीटर खोल पत्रा किंवा शहाबादी फरशीचे तुकडे उभे गाडले की आडवी धावणारी खोडे अडतात.

हे अडवणे महत्त्वाचे आहे. अमेरिकेच्या पूर्व भागात बागांतून फेकलेली हीच नारिंगी डे-लिली रस्त्याकडेच्या चरांत आणि ओढ्यांकाठी इतकी माजली की स्थानिक रानफुलांना तिथे जागा उरली नाही, आणि तेही एक बी न धरता, निव्वळ मुळ्यांच्या तुकड्यांतून. आपल्याकडे तसे झालेले मी पाहिलेले नाही, पण महाबळेश्वर-पाचगणीची थंडी आणि पाऊस हिला मानवतो, आणि तिथून खाली कासच्या बाजूला सह्याद्रीची स्वतःची रानफुले आहेत. विभागणीनंतर उरलेले तुकडे दरीत, ओढ्यात किंवा माळावर फेकू नयेत. उन्हात पूर्ण वाळवून मगच टाकावेत.

चीनमध्ये डे-लिलीच्या कळ्या खातात हे वाचून काही लोक विचारतात, म्हणून त्याबद्दलही लिहिते. तिथे वाळवून विकतात त्या कळ्या मुख्यतः पिवळ्या फुलांच्या दुसऱ्या जातीच्या असतात. आपल्याकडे ओळखीचाच एवढा घोळ आहे आणि कळलावीसारखे जीवघेणे झाड त्याच रंगात फुलते, त्यामुळे मी कुणालाही कळ्या खाण्याचा सल्ला देत नाही.

मुंबई-कोकणातल्या वाचकांनी मात्र या जातीवर कष्ट घेऊ नयेत. हिला हिवाळ्यात थोडा गारवा आणि विश्रांती लागते; ती न मिळाल्यास झाड जगते, पण वर्षागणिक खुरटत जाते. तिथे बारमाही हिरव्या राहणाऱ्या संकरित जाती लावाव्यात. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीतील रात्री या नारिंगीला पुरतात.

ऑक्टोबरमध्ये विभागणी केलीत तर पहिल्या उन्हाळ्यात दर जुडग्याला एखादाच दांडा येईल, काहींना तोही येणार नाही. ते अपयश समजून पुन्हा उकरून पाहू नये. दुसऱ्या उन्हाळ्यात दोन-तीन दांडे यायला हवेत. न आल्यास आधी ऊन मोजावे आणि मग मानेवरची माती बोटाने सारून खोली पाहावी. वाफ्यात विभागणीचा महिना आणि साल लिहिलेली एक पाटी रोवून ठेवावी, कारण तीन-चार वर्षांनी हीच कुदळ पुन्हा काढायची आहे, आणि तोवर आपल्याला ते आठवत नाही.